रकान्यातला ‘होय’ खरा होईपर्यंत

दरवर्षी यू-डायसची, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीची, माहिती भरताना इमारतीविषयीच्या भागात एक प्रश्न येतो : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी रॅम्प आहे का? आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, चार खोल्यांची आणि एकसष्ट पटाची आहे. येथे मुख्याध्यापिका म्हणून आल्यापासून पाच वर्षे मी त्या प्रश्नापुढे ‘होय’ भरत आले, कारण व्हरांड्याच्या उजव्या टोकाला सिमेंटचा एक उतार होता आणि माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनीही ‘होय’ असेच भरलेले होते. त्या उतारावरून चाकाची खुर्ची कधी वर गेली आहे का, हा प्रश्न जून २०२४ पर्यंत माझ्या मनात आला नाही, याची खंत मला आजही आहे. तो उतार नीट होण्यास आणि त्यासोबत वापरण्याजोगे स्वच्छतागृह उभे राहण्यास पुढे दहा महिन्यांहून अधिक काळ लागला. या वाटेवर निघणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना कोणते कागद लागतात, कोणती मापे घ्यावी लागतात आणि कोठे थांबून राहावे लागते याची आधी कल्पना असावी, म्हणून हे सारे क्रमाने लिहीत आहे.

जून २०२४ मध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन पहिलीच्या प्रवेशासाठी आले. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याची स्थिती, आहे. तिचे बोलणे स्पष्ट आहे, हातांची पकड थोडी कमी आहे आणि पायांवर ती आधाराशिवाय उभी राहू शकत नाही. तिचे नाव येथे देत नाही. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “बाई, हिला दिवसभर ठेवून घ्याल ना?” मी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची आली, ती उताराशी नेली आणि तो उतार कसा आहे हे मला पहिल्यांदा दिसले.

व्हरांड्याचे जोते पायऱ्यांपाशी ६० सेंटीमीटर उंच आहे आणि उताराची लांबी होती अवघी २ मीटर ४० सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक चार फुटांना एक फूट चढ. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला, दोन्ही बाजूंना कठडा नाही, आणि वरच्या टोकाला व्हरांड्याच्या फरशीशी जुळण्याऐवजी तळहाताएवढी एक उंच कड राहिलेली. खुर्ची वर न्यायला दोन मोठी माणसे लागत आणि शेवटची कड ओलांडताना ती मागे कलंडेल अशी धास्ती वाटे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला, उतारावर शेवाळ धरले आणि नातीला घेऊन उतरताना आजोबांचा पाय घसरला. त्यांनी तिला छातीशी धरून ठेवले म्हणून तिला लागले नाही, पण त्यांचे कोपर सोलवटले. त्या दिवसापासून ते उताराकडे न जाता पायऱ्यांवरूनच तिला उचलून आणू लागले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या दप्तराला लावलेली पाण्याची बाटली सकाळी जेवढी भरलेली असे, तेवढीच ती संध्याकाळी घरी परत जात असे. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की पाणी प्यायले की शू लागते, आणि शू लागली की आईला बोलवावे लागते. आई मजुरीला जाते, म्हणून तिने स्वतःच ठरवून पाणी पिणे बंद केले होते. सहा वर्षांच्या मुलीने सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाचपर्यंत तहान दाबून बसावे, ही गोष्ट मला त्या रात्री झोप येऊ देईना. रॅम्पबरोबर स्वच्छतागृह हवेच, हे तेव्हा पक्के झाले.

१२ जुलै रोजी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. शिक्षण हक्क अधिनियम २००९ प्रमाणे या समितीत पाऊणहिस्सा पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्यांचे काम आहे, म्हणून सुरुवात येथूनच करावी असा माझा सल्ला आहे. मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या अर्जापेक्षा समितीच्या ठरावाला जास्त वजन असते आणि पुढे प्रत्येक कार्यालयात तोच पहिल्यांदा मागतात. ठरावात आम्ही दोन कायद्यांचा उल्लेख केला. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीला अडथळाविरहित प्रवेश असावा असे म्हटले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार इमारत, परिसर आणि सुविधा सर्व मुलांना वापरता येतील अशा करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. याच अधिनियमात अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत आम्ही अर्ज करण्याच्या दोन वर्षे आधीच संपली होती.

ठरावाची प्रत, छायाचित्रे आणि अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत २२ जुलैला गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला, दुसरी प्रत ग्रामपंचायतीला दिली आणि दोन्हीकडून तारखेसह पोच घेतली. ही पोच फार जपून ठेवावी. पुढे एका कार्यालयात आमचा अर्ज सापडत नव्हता, तेव्हा त्या शिक्क्यामुळेच नव्याने रांगेत उभे राहावे लागले नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला. सकाळी ध्वजवंदन झाल्यावर मुलांचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे व्हरांड्यावर झाला आणि आमची पहिलीची विद्यार्थिनी खाली मैदानात खुर्चीत बसून तो पाहत राहिली, कारण त्या गडबडीत तिला वर न्यायला माणसे मोकळी नव्हती. ग्रामसभेला आलेल्या सर्वांनी हे दृश्य तासाभरापूर्वीच पाहिले होते, त्यामुळे मला फार बोलावे लागले नाही. एका सदस्यांनी एवढेच विचारले की एका मुलीसाठी एवढा खर्च कशाला. त्यांना उत्तर आमच्या पोषण आहाराच्या ताईंनी दिले. त्या म्हणाल्या की तांदळाचे पोते आणि गॅसची टाकी मी रोज या पायऱ्यांवरून चढवते, मलाही उतार हवा आहे. ठराव मंजूर झाला.

निधीची जुळवाजुळव समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून ती येथे मांडते. त्या वेळी ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगातून मिळणारा निधी बंधित आणि अबंधित असा दोन भागांत येत असे. बंधित भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच असे, म्हणून स्वच्छतागृह त्यातून मागितले आणि रॅम्प अबंधित भागातून. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, पण आमच्या गावात ती रक्कम लहान आहे आणि ती दिव्यांग व्यक्तींना थेट दिली जाते. तिला हात लावू नये असे माझेच मत पडले, कारण शाळेची इमारत ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती पार पाडण्यासाठी गावातल्या दिव्यांगांच्या वाट्याचे पैसे वळवणे बरोबर नाही. शाळेचे संयुक्त अनुदान आमच्या पटाला पंचवीस हजार रुपये बसते. त्यातून खडू, वीज आणि दुरुस्त्या भागवून बांधकाम होणे शक्य नव्हते.

सप्टेंबरच्या अखेरीस बांधकाम विभागाचे अभियंता जागा पाहून गेले आणि त्यांनी पहिला नकाशा पाठवला. त्यात उतार ३ मीटरचा होता. समोर ध्वजस्तंभ आहे, त्यापुढे कडुनिंब आहे, त्यामुळे याहून जास्त जागा नाही असे त्यांचे म्हणणे होते. येथे मला गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची मोलाची मदत झाली. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधली मापे त्यांनी मला वहीत लिहून दिली. एक सेंटीमीटर चढायला किमान बारा सेंटीमीटर लांबी, रुंदी किमान १ मीटर २० सेंटीमीटर, वळणावर आणि दोन्ही टोकांना दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर पकडदांड्या, आणि चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून कडेला छोटी वरवंडी. साठ सेंटीमीटरला बाराने गुणले की ७ मीटर २० सेंटीमीटर होतात. एवढी सरळ जागा नव्हती हे खरे, पण उतार भिंतीलगत नेऊन काटकोनात वळवला तर ध्वजस्तंभही राहत होता आणि कडुनिंबही.

ते अभियंत्यांना पटवण्याच्या आधी आम्ही स्वतः करून पाहिले, आणि माझ्या मते साऱ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. मैदान आखायची फक्की घेतली आणि रॅम्प व स्वच्छतागृह यांचा खऱ्या मापाचा आराखडा जमिनीवर काढला. स्वच्छतागृहाची खोली २ मीटर २० सेंटीमीटर बाय २ मीटर, मध्ये दीड मीटर व्यासाचे वर्तुळ, भिंतीशी भांड्याच्या जागी एक खोके. मग मुलीला विचारले की दार कोठे हवे. तिने खुर्ची आत आणली, वळवून पाहिली, तिचे पुढचे चाक रेषेवर गेले आणि ती म्हणाली, “बाई, भिंत मागे सरकवा.” भिंत पुसून वीस सेंटीमीटर मागे आखली. खुर्चीवरून खोक्यावर सरकताना तिचा उजवा हात जास्त जोर लावतो हे आम्हाला तेव्हाच कळले आणि भिंतीतली आधाराची दांडी उजव्या बाजूला घ्यायचे ठरले. भांड्याची उंचीही तिच्या खुर्चीच्या बैठकीवरून ठरवली. ती ४२ सेंटीमीटर भरली. मोठ्यांसाठीचे उंच भांडे बसवले असते तर तिला त्यावर स्वतःहून जाता आले नसते. अभियंता दुसऱ्या भेटीला आले तेव्हा फक्कीच्या रेषा थोड्या पुसट झाल्या होत्या, पण तिने त्यांच्यासमोर पुन्हा एकदा खुर्ची फिरवून दाखवली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या नवा नकाशा काढला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मापे ठरली आणि १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. नव्या कामांना मंजुरी बंद झाली आणि निकाल लागेपर्यंत फाइल जागची हलली नाही. अशा काळात धीर सुटतो. मी तो काळ कागद जमवण्यात घालवला. त्याच दरम्यान, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात निकाल दिला. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे आणि केंद्र सरकारने किमान मानके तीन महिन्यांत बंधनकारक करावीत, असे त्यात म्हटले होते. वर्तमानपत्रातील ते कात्रण मी पुढच्या प्रत्येक पत्राला जोडले.

डिसेंबरमध्ये प्रस्ताव त्रुटींसह परत आला. जागा जिल्हा परिषदेच्या मालकीची असल्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, अक्षांश-रेखांश असलेली छायाचित्रे आणि विद्यार्थिनीचे चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, असे चार कागद हवे होते. पहिले तीन आठवड्याभरात दिले. चौथ्यासाठी तिची नोंदणी आधीच केलेली होती, पण तपासणीची तारीख फेब्रुवारीची मिळाली होती. मी लेखी कळवले की प्रमाणपत्र व्यक्तीला मिळणाऱ्या लाभांसाठी लागते, इमारतीच्या दारातून आत येण्यासाठी ते लागत नाही, आणि आज ही मुलगी नसती तरी हा रॅम्प असायलाच हवा होता. पंधरा दिवसांनी ती अट वगळल्याचे तोंडी सांगण्यात आले. मी ते लेखी मागून घेतले.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुरवणी आराखड्यात काम घेतले, ११ फेब्रुवारीला प्रशासकीय मान्यता मिळाली आणि ३ मार्चला कार्यारंभ आदेश निघाला. अंदाजपत्रक रॅम्पचे १ लाख १२ हजार ४०० रुपये आणि स्वच्छतागृहाचे १ लाख ७६ हजार रुपये होते. मुलांसाठीची खालची पकडदांडी अंदाजपत्रकात धरलेलीच नव्हती. वरची ९० सेंटीमीटरवर होती, आणि पहिलीच्या मुलाच्या खांद्याशी येणाऱ्या दांडीचा त्याला काय आधार होणार? ७० सेंटीमीटरवरची दुसरी दांडी लोकसहभागातून घ्यायची असे समितीने ठरवले.

प्रत्यक्ष काम १८ मार्चला सुरू झाले. मिस्त्रींनी दोरी बांधली आणि नळीत पाणी भरून पातळी घेतली, तेव्हा एक मोठी चूक उघडी पडली. जोत्याची ६० सेंटीमीटर उंची आम्ही सर्वांनी पायऱ्यांपाशी मोजली होती, पण उतार जिथून सुरू होणार होता तिथली जमीन ११ सेंटीमीटरने खाली होती. म्हणजे चढायची उंची ७१ सेंटीमीटर आणि लागणारी लांबी ८ मीटर ५२ सेंटीमीटर. नकाशाप्रमाणे काँक्रीट ओतले असते तर उतार पुन्हा चुकीचाच झाला असता. उंची नेहमी रॅम्पच्या पायथ्याशी मोजावी, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. ठेकेदार वाढीव कामाला तयार नव्हते, कारण त्याचे पैसे मंजूर नव्हते. काम तीन दिवस थांबले. अखेर वाढलेल्या १ मीटर ३२ सेंटीमीटरचे १४ हजार आणि खालच्या दांडीचे १८ हजार ५०० रुपये गावाने जमवले. त्यात एका माजी विद्यार्थ्याने सिमेंट दिले आणि आजोबांनी, मी नको म्हणत असतानाही, पाचशे रुपये दिले.

दुसरा प्रसंग स्वच्छतागृहाचा. दार बसवल्यावर पाहते तो खाली पाच सेंटीमीटरचा उंबरा. मिस्त्री वयाने मोठे, चाळीस वर्षे घरे बांधणारे. “बाई, बिनउंबऱ्याचं दार आजवर बसवलं नाही, बरं नसतं ते,” असे ते मनापासून म्हणाले. मी वाद घातला नाही. मुलीला खुर्चीसह दारापाशी आणले. पुढची छोटी चाके उंबऱ्याला अडली आणि तिने मागे-पुढे करून तीन वेळा प्रयत्न केला. मिस्त्री काही न बोलता छिन्नी-हातोडा घेऊन खाली बसले आणि त्यांनी उंबरा स्वतः काढला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून त्याऐवजी आतल्या फरशीला कोपऱ्याकडे ढाळ दिला. आधाराच्या दांड्यांसाठी त्यांनीच एक महत्त्वाची गोष्ट सुचवली. अर्ध्या विटेच्या भिंतीत बोल्ट टिकत नाहीत, म्हणून त्या बाजूची भिंत नऊ इंची घेतली आणि बोल्टांच्या जागी काँक्रीट भरले. दार बाहेर उघडणारे केले, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. रॅम्पचा पृष्ठभाग ओला असतानाच खराट्याने आडव्या रेषा ओढून खरबरीत करून घेतला.

एवढे चालू असताना इतर मुलांकडेही लक्ष गेले. तिसरीतल्या एका मुलाची दृष्टी कमी आहे. राखाडी पायऱ्या आणि राखाडी अंगण त्याला वेगळे दिसत नसल्याने तो शेवटच्या पायरीवर वरचेवर पडत असे. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला, त्याचा खर्च चारशे रुपयांच्या आत आला. ऐकू कमी येणाऱ्या एका मुलीचा वर्ग पत्र्याच्या खोलीतून स्लॅबच्या खोलीत हलवला, कारण पावसात पत्र्याखाली कोणालाच काही ऐकू येत नाही. दुहेरी झडपांच्या दारांची एक झडप वर्षानुवर्षे खिळ्याने बंद केलेली होती, ती मोकळी केली, आणि खुर्ची आत जाण्याएवढी रुंदी आपोआप मिळाली. हे सारे मंजुरीशिवाय, पहिल्याच आठवड्यात करता आले असते.

काम २४ एप्रिलला पूर्ण झाले. अंतिम मोजमाप मोजमाप पुस्तिकेत नोंदवताना मी उभी राहिले आणि उतार टेपने मोजून घेतला. हा आग्रह संकोच न करता धरावा.

१६ जून २०२५ रोजी शाळा उघडली. आजोबा खुर्चीमागे चालत आले आणि उताराच्या पायथ्याशी थांबले. ती खालच्या दांडीला एक हात लावून, दुसऱ्या हाताने चाक ढकलत निघाली. वळणावरच्या सपाट जागेत तिने विसावा घेतला, मागे वळून आजोबांकडे पाहिले आणि मग उरलेला भाग चढून दुसरीच्या वर्गात गेली. सात मिनिटे लागली. आता तिला तीन लागतात. चौथ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत बाटली नळावर पुन्हा भरून घेताना मला दिसली.

या वर्षी यू-डायसचा तो रकाना भरताना मी आधी टेप घेऊन बाहेर गेले आणि मग ‘होय’ लिहिले.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीसाठी तिला तीन किलोमीटरवरच्या गावात जावे लागेल, आणि तिथल्या शाळेला सात पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये मी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटले. आम्ही दोघांनी उताराचा पायथा जिथे येईल त्या ठिकाणी उंची मोजली. ती १ मीटर ५ सेंटीमीटर भरली, म्हणजे सपाट जागा सोडून १२ मीटर ६० सेंटीमीटर उतार लागणार आहे. तिथल्या समितीने ठराव केला असून अर्जाची पोच माझ्याकडेही ठेवली आहे.